पूर्ण वर्तमानकाळ, इंग्रजीतील
घडलेल्या क्रियेचा चालू क्षणाशी संबंध दाखवणारे इंग्रजी क्रियारूप. शाळेत ‘प्रेझेंट परफेक्ट’ या नावाने परिचित. ‘हॅव’ या साहाय्यक क्रियापदापुढे मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप ठेवून ते बनते; तृतीयपुरुषी एकवचनी कर्ता असल्यास ‘हॅज’ येते. मराठीत ‘आंबा खाल्ला आहे’, ‘चिंच खाल्ली आहे’ असे क्रियापद कर्मानुसार बदलते. इंग्रजीत ‘ईटन’ तसेच राहते.

मराठी भाषकाची खरी अडचण रचनेत नसून वापरात आहे. नवी मुंबईतली उदाहरणे घेऊ. ‘मेट्रो सुरू झाली आहे’ म्हणजे ‘द मेट्रो हॅज स्टार्टेड’. मात्र ‘१७ नोव्हेंबर २०२३ रोजी’ हे शब्द जोडताच साधा भूतकाळ, ‘स्टार्टेड’, वापरावा लागतो. सरलेला निश्चित दिवस पूर्ण वर्तमानकाळाला चालत नाही. मराठीत ‘पाहुणे कालच आले आहेत’ हे अगदी सहज वाक्य आहे, म्हणून ही चूक वारंवार होते.

दुसरी अडचण अधिक चिवट. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाबद्दलचे ‘सिडको १९७० पासून काम करते आहे’ हे वाक्य घ्या; इथे मराठीला वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीला ‘हॅज वर्क्ड’ लागते. ‘इज वर्किंग सिन्स’ ही चूक इथूनच येते. शिवाय ‘पासून’ आरंभ आणि कालावधी दोन्हींना चालते, तर इंग्रजीत ‘सिन्स १९७०’ पण ‘फॉर फिफ्टी इयर्स’. ‘गो-वेंट-गॉन’ घोकण्यापेक्षा अशा वाक्यजोड्यांचा सराव कितीतरी उपयोगी. अमेरिकी इंग्रजीत ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’ यांच्यासोबत साधा भूतकाळही रूढ आहे.