चाचणीपुरता करंट

१९४६ साली ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट पुण्यात गांधीजींचा फोटो काढायला आल्या. आधी सूत कातायला शिका, मग कॅमेरा काढा, अशी अट त्यांना घातली गेली, आणि फ्लॅशचे बल्ब वापरायचे ते फक्त तीन. पुढे चरखा आणि त्याच्यामागे वाचत बसलेले गांधीजी असा जो फोटो जगभर गेला, तो या तीन बल्बांची कमाई. अशा तोलून-मापून काम करणाऱ्या हातांना काही वर्षांतच कंपवाताने गाठलं. १९५९ मध्ये न्यू यॉर्कच्या डॉ. अर्व्हिंग कूपर यांनी त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. ‘लाइफ’नेच ती हकीकत सचित्र छापली. दोन वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया झाली. हातांचा कंप आटोक्यात आला, पण बोलणं अडखळू लागलं.

कंप थांबवायचा तर मेंदूतलं काहीतरी जाळावं लागतं, आणि दोन्ही बाजूंना जाळलं तर वाचेवर बेततं, हा सौदा त्या काळी सगळ्यांनीच मान्य केला होता. मेंदूत तार घालून बारीक विद्युतप्रवाह देत राहायचा उपचार, म्हणजे ज्याला डॉक्टर आज ‘डीबीएस’ म्हणतात, तो याच सौद्याला कंटाळून जन्मला. गंमत अशी की त्यासाठी लागणारा करंट शस्त्रक्रियेच्या टेबलावर कितीतरी वर्षं हजर होता. त्याच्याकडे उपचार म्हणून पाहायचं फारसं कोणाच्या मनात आलं नाही.

कूपर यांची सुरुवातही अपघातानेच झाली. १९५२ मध्ये कंपवाताच्या एका रुग्णावर ते वेगळीच शस्त्रक्रिया करत होते: मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा जुडगा अर्धवट कापायचा, म्हणजे कंपाबरोबर ताकदही थोडी जाईल. मध्येच एक बारीक रोहिणी फाटली. रक्त थांबवण्यासाठी कूपर यांनी ती बंद केली आणि ठरलेली शस्त्रक्रिया अर्धवट सोडली. रुग्ण शुद्धीवर आला तेव्हा कंप गेलेला, स्नायूंचा ताठरपणाही गेलेला, आणि हातापायांतली ताकद मात्र शाबूत. रक्तपुरवठा तुटून मेंदूच्या आतला नेमका तुकडा मेला होता. मग कूपर यांनी तीच रोहिणी मुद्दाम बांधायला सुरुवात केली. त्यात काही रुग्ण सुधारले, काही दगावले. पुढे त्यांनी अल्कोहोल टोचून आणि १९६१ पासून द्रवरूप नायट्रोजनने गोठवून तोच परिणाम साधला. समकालीन मंडळींना त्यांची घाई आणि प्रसिद्धीची हौस खटकत असे, आणि ती तक्रार अगदीच निराधार नव्हती.

मेंदूच्या आत खोलवर अचूक पोचायचं कसं, हा प्रश्न तोवर बराचसा सुटला होता. लंडनमध्ये हॉर्सली आणि क्लार्क यांनी १९०८ मध्ये प्राण्यांसाठी धातूची चौकट बनवली होती. तिच्या आधाराने मेंदूतला कोणताही बिंदू तीन अंतरांच्या हिशेबात मांडता येई. माणसासाठी तशी चौकट फिलाडेल्फियात श्पिगेल आणि वायसिस यांनी १९४७ मध्ये वापरली. भारतातही असे प्रयत्न होत होते. मद्रासमध्ये डॉ. बी. राममूर्ती यांच्या विभागात चौकटीची शस्त्रक्रिया रुजली, तर बंगळूरमध्ये डॉ. आर. एम. वर्मा यांनी चौकटीशिवाय, कवटीच्या तळाशी निसर्गाने ठेवलेल्या छिद्रातून सुई घालून औषध टोचायची पद्धत काढली. यंत्र परवडत नाही तिथे हात किती तयार होतो, याचा तो नमुना.

चौकट कितीही चोख असली तरी प्रत्येकाच्या मेंदूत चार-दोन मिलिमीटरचा फरक असतोच. त्यामुळे जाळण्याआधी सर्जन सुईच्या टोकातून थोडा करंट देऊन पाहत. रुग्ण जागाच असे, कारण मेंदूला वेदना कळत नाही. बोट आखडलं, जीभ जड झाली, डोळ्यांपुढे चमकलं, तर जागा चुकली. कंप कमी झाला तर जागा बरोबर. मग करंट बंद करून तिथे जाळायचं. १९६०च्या आसपास फ्रान्समध्ये डेनिझ अल्ब-फेसार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलंही होतं की सेकंदाला शंभरच्या पुढे स्पंदनं दिली की कंप थांबतो. नोंद नोंदीतच राहिली.

लेनिनग्राडमध्ये नतालिया बेख्तेरेवा यांनी मात्र १९६०च्या दशकात रुग्णांच्या मेंदूत तारा ठेवून वारंवार उत्तेजन देण्याचे प्रयोग केले. तारा कवटीबाहेर लोंबत, म्हणजे रुग्णाला रुग्णालयाशी बांधूनच राहावं लागे. शिवाय लेखन रशियनमध्ये, आणि मध्ये शीतयुद्धाची भिंत. पश्चिमेकडेही या तंत्राचं नाव खराब झालं होतं. न्यू ऑर्लिन्समध्ये रॉबर्ट हीथ यांनी मनोरुग्णांच्या मेंदूत तारा घालून केलेले प्रयोग आजही वाचवत नाहीत.

तेवढ्यात औषध आलं, आणि त्या औषधाच्या गोष्टीत मुंबईचाही एक धागा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचे उच्च रक्तदाबावरचे अनुभव मांडले. त्यानंतर जगाची नजर या मुळीकडे वळली, आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत तिच्यातून रेझर्पिन वेगळं काढलं गेलं. रक्तदाब उतरला, पण काही रुग्ण कंपवात झाल्यासारखे मंद आणि ताठर होऊ लागले. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी हेच रेझर्पिन सशांना दिलं. ससे कान पाडून निश्चल बसले. मग त्यांना लेव्होडोपा, म्हणजे ज्यापासून मेंदूत डोपामिन हे निरोप्या रसायन बनतं ते द्रव्य, टोचलं, तर थोड्याच वेळात ते हिंडू लागले. हे १९५७ सालचं. तीन वर्षांनी व्हिएन्नात हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने गेलेल्यांचे मेंदू तपासून डोपामिनचा तुटवडा दाखवून दिला, आणि १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कॉट्झियास यांनी लेव्होडोपा अगदी थोडं सुरू करून हळूहळू मोठ्या मात्रेपर्यंत न्यायची रीत बसवली. खुर्चीला खिळलेली माणसं उठून चालू लागली. (हेच लेव्होडोपा आपल्या कुंपणावरच्या खाजकुहिलीच्या बियांत असतं, हे मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच दाखवलं होतं.) शस्त्रक्रियांना ओहोटी लागली. चौकटी कपाटात गेल्या.

पण पाच-सात वर्षांत गोळीचा जोर लवकर ओसरू लागे. एक गोळी ते दुसरी गोळी यांच्यामध्ये माणूस कधी दगडासारखा थिजलेला, तर कधी अंगाला नको तितके हेलकावे. मात्रा वाढवली तर हेलकावे वाढत, कमी केली तर थिजणं. शिवाय काहींचा कंप औषधाला दाद देतच नसे. १९८०च्या दशकात काही सर्जनांनी कपाटं पुन्हा उघडली ती यामुळे.

फ्रान्समधल्या ग्रेनोब्लचे आलिम-लुई बेनाबिद त्यांपैकी एक. वैद्यकाबरोबर त्यांनी भौतिकशास्त्रातही डॉक्टरेट केलेली. १९८७ मध्ये मेंदूच्या आत खोलवर असलेल्या थॅलॅमस या भागातला ठरलेला बिंदू जाळण्याआधी ते नेहमीची चाचणी करत होते. स्पंदनं वाढवत सेकंदाला शंभराच्या आसपास नेली आणि रुग्णाचा हात स्थिर झाला. करंट बंद केला तर कंप परत, सुरू केला तर पुन्हा थांबला. हे पाहणारे ते पहिले नव्हते, पण त्यांच्यापुढे एक अडचण होती आणि हाताशी एक वस्तू. अडचण तीच, बर्क-व्हाइट यांची: दोन्ही बाजूंना कंप असलेल्या रुग्णाची दुसरी बाजू जाळायची कशी? आणि वस्तू म्हणजे हट्टी वेदनांसाठी शरीरात बसवायचे, हृदयाच्या पेसमेकरच्या घराण्यातले उत्तेजक, जे तोवर बाजारात आले होते. बेनाबिद आणि चेताविकारतज्ज्ञ पिएर पोलाक यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या निबंधात मधला रस्ता दिसतो: एका बाजूला जाळलं, दुसऱ्या बाजूला तार ठेवली. क्रांतिकारक म्हणवणारं तंत्र जुन्या शस्त्रक्रियेची जोडीदारीण म्हणून आत शिरलं. पुढे जाळणं मागे पडत गेलं.

थॅलॅमसमधल्या तारेने कंप थांबे, पण मंदपणा आणि ताठरपणा तसाच राही. त्याची किल्ली कॅलिफोर्नियातल्या एका भयंकर घटनेतून मिळाली. १९८२ मध्ये सॅन होजे परिसरातले काही तरुण एकाएकी थिजून रुग्णालयात आले. बेकायदा बनवलेल्या हेरॉइनसदृश पदार्थात एमपीटीपी नावाचं द्रव्य मिसळलं गेलं होतं, आणि त्याने त्यांच्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मारल्या होत्या. विल्यम लँगस्टन यांनी तो छडा लावला. आता माकडांमध्ये कंपवात निर्माण करून अभ्यासता येऊ लागला. बाल्टिमोरमध्ये हगाई बर्गमन, थॉमस विखमन आणि मॅलन डिलाँग यांनी १९९० मध्ये दाखवलं की अशा माकडांच्या मेंदूतलं सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाचं केंद्र निकामी केलं तर हालचाली सुधारतात. डोपामिन आटलं की मसुराच्या दाण्याएवढं हे केंद्र बेफाम होतं आणि हालचालींना ब्रेक लावून ठेवतं, असा त्यांचा अर्थ.

तिथे सुरी लावायला मात्र सर्जन धजावत नसत. याच केंद्रात रक्तस्राव झाला तर हातपाय अनावर फेकले जातात, हे जुन्या रुग्णांवरून ठाऊक होतं. करंटची खरी किंमत इथे कळली. जाळलेलं परत आणता येत नाही, करंट बंद करता येतो. १९९३ मध्ये ग्रेनोब्लमध्ये पहिल्या रुग्णाच्या या केंद्रात तार बसली, आणि १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तीन रुग्णांचे निष्कर्ष आले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ मध्ये कंपासाठी, २००२ मध्ये प्रगत कंपवातासाठी आणि पुढच्याच वर्षी डिस्टोनियासाठी, म्हणजे मान किंवा हातपाय पिळवटून टाकणाऱ्या विकारासाठी, परवानगी दिली. मुंबईत जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस हे काम सुरू केलं. आज जगभरात दीड लाखांहून अधिक लोकांच्या मेंदूत अशी तार आहे. डिलाँग आणि बेनाबिद यांना २०१४ मध्ये लास्कर पुरस्कार विभागून मिळाला.

यंत्र नेमकं करतं काय, यावर अजून एकमत नाही. करंट पेशींना गप्प करतो असं आधी वाटलं, कारण परिणाम जाळण्यासारखाच होता. आता बहुतेकांचा कल असा की बिघडलेली लय तो मोडतो. कंपवाताच्या रुग्णाच्या त्या केंद्रात सेकंदाला १३ ते ३० आवर्तनांची लय नको इतकी बळावलेली सापडते, आणि औषधाने किंवा करंटने ती उतरते. ज्या तारेने करंट द्यायचा तिनेच ही लय ऐकायची आणि गरजेपुरताच करंट सोडायचा, अशा उपकरणाला अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळाली.

वाचेचा जुना प्रश्न मिटला म्हणावं, तर तसंही नाही. दोन्ही बाजूंच्या तारांनी काहींचं बोलणं आजही पुसट होतं. पण आता बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर समोरच्या पडद्यावर करंट थोडा उतरवतात, रुग्णाला आकडे मोजायला सांगतात, हात पुढे धरायला लावतात, पुन्हा थोडा चढवतात. पहिले काही महिने अशा फेऱ्या बऱ्याच होतात.