दातांची जुनी-नवी कहाणी

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण सगळ्याजणी लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हण करणाऱ्याने दैवाला बोल लावला आहे. पण दातांचा इतिहास थोडासा चाळून पाहिला, तर दात जाण्यात दैवापेक्षा आपल्या रोजच्या सवयींचाच हात मोठा असल्याचे दिसून येते. मंडळाच्या स्मरणिकेत दातांवर लेख कशाला, असे काही भगिनींना वाटेल. परंतु बाळाचा पहिला दात ज्या बोटाला लागतो ते बोट आईचे असते, आणि सासूबाईंना भाकरी चावेनाशी झाली की ती दुधात कुस्करून देणारा हातही घरच्या बाईचाच असतो. म्हणून हा विषय आपलाच आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. वैद्यकातले गहन ज्ञान सांगण्याचा माझा अधिकार नाही. मात्र मुलीच्या दातांना तार बसवायची ठरली, तेव्हापासून या विषयाची गोडी लागली. जे वाचले आणि विचारून घेतले, ते येथे मैत्रिणींपुढे ठेवते.

दातदुखी माणसाइतकीच जुनी आहे. आज पाकिस्तानात असलेल्या बलुचिस्तानात मेहरगढ नावाची अतिप्राचीन वस्ती उत्खननात सापडली. तेथील दफनभूमीत नऊ माणसांच्या अकरा दाढांना बारीक भोके पाडलेली आढळली. ही माणसे साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीची. गारगोटीचे टोक फिरवून ही भोके पाडली असावीत, असे अभ्यासकांनी २००६ साली प्रसिद्ध केले. भोकांच्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या होत्या. म्हणजे एवढे सोसूनही ती माणसे पुढे जेवत-खात जगली. भूल देण्याचे औषध नाही, लोखंड नाही, आणि दाढेत भोक! आपण दंतवैद्याच्या खुर्चीत बसताना घाबरतो, तेव्हा या पूर्वजांची आठवण करावी.

दात का दुखतो, याचे कारण मात्र लोकांना हजारो वर्षे उमगले नाही. दाताच्या आत किडा असतो आणि तो दात पोखरतो, अशी समजूत प्राचीन बाबिलोनपासून युरोपापर्यंत सर्वत्र होती. आपणही ‘दाताला कीड लागली’ असेच म्हणतो. शब्द राहिला आहे. पण तसा वळवळणारा किडा दातात नसतो. बाजारात बसून कानातून किंवा दाढेतून किडे काढून दाखवणारे जे असतात, ती केवळ हातचलाखी होय.

कारण ठाऊक नसले, तरी दात राखण्याचे उपाय आपल्या जुन्या वैद्यांना चांगले ठाऊक होते. चरकसंहितेत करंज, कण्हेर, रुई, अर्जुन, असाणा अशा झाडांच्या काड्या दात घासायला सांगितल्या आहेत. काडीचे टोक चावून मऊ करावे, दिवसातून दोन वेळा दात घासावेत आणि हिरडीला इजा होऊ देऊ नये, असा तेथे स्पष्ट उपदेश आहे. सुश्रुतांनी काडी बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढी जाड असावी असे सांगून कडू रसाच्या झाडांत कडुनिंबाला पहिला मान दिला. जीभ खरवडण्याची पट्टी आणि तिळाच्या तेलाची गुळणी, हेही जुन्या ग्रंथांत आहेच. दोन वेळा घासा आणि हिरडी दुखवू नका, या दोनच गोष्टी आजचे दंतवैद्यही आपल्याला पुनःपुन्हा बजावतात!

येथे मला एका गोष्टीविषयी आवर्जून लिहावयाचे आहे. ती म्हणजे मिश्री. मिश्री ही आपली पूर्वापार चालत आलेली रीत आहे, आजी-पणजी लावत होत्या, असे आपल्यातल्या पुष्कळजणी म्हणतात. इतिहास काय सांगतो ते पाहा. तंबाखू हे अमेरिकेतले झाड. ते पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणले. १६०४-०५ च्या सुमारास विजापुराहून परतलेल्या असद बेगने अकबर बादशहाला तंबाखू नजर केला, तेव्हा दरबारात ती नवलाची वस्तू होती. म्हणजे चरक-सुश्रुतांनी तंबाखूचे पान डोळ्यांनीही पाहिलेले नव्हते. मिश्रीला फार तर चारशे वर्षे झाली असतील. आपली खरी जुनी रीत ती कडुनिंबाची काडी.

तव्यावर तंबाखू भाजून त्याची काळी पूड करायची आणि ती हिरड्यांवर चोळून तशीच तोंडात ठेवायची. सुरुवात होते ती दाढदुखी थांबावी म्हणून. दुखणे घटकाभर बधिर होते आणि तेवढ्यात तलफ जडते. मग सकाळची एक वेळ दोनावर जाते, दोनाची चारावर. हिरड्या खाली सरकतात, दातांची मुळे उघडी पडतात, तोंडात पांढरे चट्टे येतात आणि काहींच्या नशिबी कर्करोग येतो. गरोदर बाईने मिश्री लावली, तर मूल कमी वजनाचे जन्मण्याची भीती असते. भारत सरकारने १९९२ साली टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली. परंतु आपल्याच चुलीवर भाजलेल्या मिश्रीला सरकार कोठवर पुरे पडणार? ती बंदी आपली आपणच केली पाहिजे.

आता दातावरच्या चिकट थराकडे वळू. हॉलंडमधील डेल्फ्ट गावी अँटनी व्हान लेव्हेनहूक नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. विद्यापीठात तो शिकला नव्हता, पण स्वतः भिंगे घासून त्यातून नाना वस्तू पाहण्याचा त्याला नाद. १६८३ साली त्याने दातांमधला पांढरा मळ काढून भिंगाखाली धरला, तर त्यात असंख्य बारीक जीव हालचाल करताना दिसले. तो स्वतः रोज मिठाने दात घाशी. मग त्याने ज्याने जन्मात दात घासले नव्हते अशा एका म्हाताऱ्याच्या दातांवरचा मळ पाहिला. त्यात तर जीवांची नुसती जत्राच! आपल्या तोंडात राज्यातल्या प्रजेपेक्षा जास्त जीव नांदतात, अशा अर्थाचे त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळवले.

या जीवांचा आणि दात किडण्याचा संबंध उलगडायला आणखी दोनशे वर्षे लागली. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० साली ग्रंथ लिहून दाखवले, की तोंडातले जंतू गोड आणि पिठूळ अन्नापासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात झिजून पोकळ होतो. पुढे स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील रुग्णालयात मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफी खायला घालून त्यांचे दात तपासले. त्याचे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना नाही म्हणता येत नव्हते, त्यांचे दात किडवून मिळवलेले हे ज्ञान आहे, हे वाचून मन विषण्ण होते. निष्कर्ष असा, की किती साखर खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा आणि किती चिकट खाल्ली, हे जास्त महत्त्वाचे. लाडू जेवणाबरोबर खावा. दिवसभर एकामागून एक गोळ्या चघळणे वाईट.

वेडेवाकडे दात सरळ करण्याची धडपडही जुनीच. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये सेल्ससने लिहून ठेवले आहे, की दुधाचा दात पडण्याआधीच नवा दात आला, तर दुधाचा काढून टाकावा आणि नवा दात रोज बोटाने जागेकडे ढकलीत जावे. मला तर हा एखाद्या सुईणीचाच सल्ला वाटला. त्यानंतर फ्रान्समध्ये पिएर फोशार हा मोठा दंतवैद्य होऊन गेला. १७२८ साली त्याने दंतशस्त्रावर दोन भागांचा ग्रंथ लिहिला. दातात किडा नसतो, हे त्याने ठासून सांगितले आणि साखरेला दोष दिला. दात सरळ करण्यासाठी सोन्या-चांदीची अर्धगोल पट्टी दातांना दोऱ्याने बांधण्याची युक्तीही त्याने दिली. आजच्या तारेची ही पणजीच म्हणायची. तोच फोशार मूत्राने चूळ भरायलाही सांगे, हेही नमूद केले पाहिजे. थोरांचेही सारेच घ्यायचे नसते!

या विद्येला शास्त्राचे रूप दिले ते अमेरिकेच्या एडवर्ड अँगल यांनी. १८९९ साली त्यांनी दातांच्या चुकीच्या ठेवणीचे तीन वर्ग पाडले. त्यासाठी खूण धरली ती सहाव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या दाढेची. आयांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. ही दाढ कोणताही दात न पडता दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप येते. म्हणून पुष्कळजणी तिला दुधाचीच समजतात आणि ‘किडू दे, पडून दुसरी येईल’ म्हणतात. ती कायमची असते. ती गेली की शेजारचे दात त्या जागी कलतात आणि साऱ्या रांगेची घडी विसकटते.

तारेने दात सरकतो कसा, हेही मी विचारून घेतले. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती बारीक तंतूंची गादी असते. तारेचा हलका, सतत दाब पडला, की ज्या बाजूला दात ढकलला जातो तिकडचे हाड विरघळते आणि मागे मोकळ्या झालेल्या जागी नवे हाड भरते. हे काम सावकाशच व्हायचे. म्हणून बहुधा दीड-दोन वर्षे लागतात. पुढेही दात जुन्या जागी परतू नयेत म्हणून डॉक्टर सांगतील तोवर वेगळी पट्टी वापरावी लागते. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे बसवीत. १९५५ साली बुओनोकोर यांनी दाताचा पृष्ठभाग आम्लाने किंचित खरबरीत करून त्याला चिकटवण्याची रीत काढली आणि त्यातून आजची छोटी चकती आली.

परंतु ही सारी इमारत हिरड्यांच्या पायावर उभी असते. हिरड्या सुजलेल्या असताना तार बसवली, तर मुळाभोवतीचे हाडच जाऊ लागते. तारेत अन्न अडकते. नीट घासले नाही, तर तार निघेपर्यंत दात सरळ होतात खरे, पण त्यांवर पांढरे डाग उरतात. १९६५ साली डेन्मार्कमध्ये लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागताच आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. हिरडीतून रक्त येते म्हणून घासायचे सोडणे हे किती उलटे आहे, ते यावरून कळते. घासले नाही म्हणूनच रक्त येते. गरोदरपणी हिरड्या अधिक हळव्या होतात, तेव्हा तर जास्तच जपावे. पोटातले मूल आईच्या दातांतला चुना ओढून घेते, ही समजूत मात्र खोटी आहे.

आपल्या देशात या विद्येचे दार डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी उघडले. त्यांनी १९२० साली कलकत्त्याला दंतमहाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ साली सुरू झाले. १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला आणि १९६५ साली दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची भारतीय संस्था स्थापन झाली. स्त्रियाही मागे राहिल्या नाहीत. अमेरिकेत ल्यूसी हॉब्स १८६६ साली दंतवैद्यकाची पदवी मिळवणारी पहिली स्त्री ठरली. आधी तिला स्त्री म्हणून प्रवेशच नाकारला होता. आज आपल्या मुली ही विद्या सर्रास शिकतात.

एवढ्या मोठ्या इतिहासातून आपण काय घ्यावे? सकाळी आणि रात्री झोपताना मऊ ब्रशने, फ्लोराइडच्या पेस्टने हळुवार घासावे. लहान मुलांना तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट द्यावी. मूल सात वर्षांचे झाले, की दातांची ठेवण एकदा दाखवून आणावी. आणि मंडळाच्या भगिनींना माझी एक विनंती आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण दरवर्षी डबे, वाट्या लुटतो. यंदा एक ब्रश लुटावा, आणि ज्या मैत्रिणीच्या पदराला मिश्रीची डबी असेल, तिच्याशी प्रेमाने दोन शब्द बोलावेत. टोचून बोलू नये. तलफ सुटायला वेळ लागतो आणि सोबत लागते. ती सोबत देण्यासाठीच तर आपले मंडळ आहे.