रिकामा रकाना

27 एप्रिल 2016. जीसीसी 6.1 हा कंपायलर प्रसिद्ध होतो. सी++मध्ये नल पॉइंटरवरून, म्हणजे कुठल्याच ऑब्जेक्टकडे न नेणाऱ्या पत्त्यावरून, मेंबर फंक्शन बोलावलं, तर पुढे काय होईल याला भाषा बांधील नाही. फंक्शनने ऑब्जेक्टमधलं काहीच वाचलं नाही, तर ते बिनबोभाट चालूनही जातं. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. नवा कंपायलर ‘धिस’, म्हणजे फंक्शनला मिळणारा ऑब्जेक्टचा पत्ता, कधीच नल नसतो असं धरून चालतो आणि तशा तपासण्या वगळतो. क्युटी-5, क्रोमियम यांसारखे सॉफ्टवेअर प्रकल्प अडखळतात. इशारा जुना आहे.

29 मे 2025. गूगल क्लाउडच्या ‘सर्व्हिस कंट्रोल’मध्ये कोटा तपासणारा नवा कोड येतो. प्रत्येक विनंती याच दारातून जाते. कोड एकेका भौगोलिक विभागात, टप्प्याटप्प्याने चढवला जातो. कुठेच काही बिघडत नाही, कारण ती वाट उघडणारी पॉलिसी अजून आलेलीच नाही. नलची तपासणी नाही. बंद ठेवता येईल असा फ्लॅगही नाही. तो असता, तर चूक चाचणीतच सापडली असती.

12 जून, भारतीय वेळ रात्री 11.15च्या सुमारास. एक पॉलिसी बदल नोंदवला जातो. त्यात काही रकाने रिकामे आहेत. काही सेकंदांत तो जगभर पोचतो. मुंबईतही गूगल क्लाउडचा एक विभाग आहे.

11.19. गूगलच्या नोंदीत घटना इथे सुरू होते. कोड रिकाम्या रकान्यापाशी येतो. नल पॉइंटर. प्रोग्राम कोसळतो, पुन्हा उठतो, तोच रकाना वाचतो, पुन्हा कोसळतो. प्रत्येक विभागात हेच. जीमेल, ड्राइव्ह, मीट अडतात. स्पॉटिफाय आणि डिस्कॉर्डही.

दोन मिनिटांत अभियंते कामाला लागतात. दहा मिनिटांत कारण कळतं. ती वाट बंद करणारं ‘लाल बटण’ साधारण पंचवीस मिनिटांनी तयार होतं, चाळिसाव्या मिनिटापर्यंत सगळीकडे पोचतं. ग्राहकांना मात्र पहिली अधिकृत सूचना मिळायला जवळजवळ तास लागतो. सूचनांचं पानही त्याच यंत्रणेवर उभं होतं.

आयोवातल्या विभागात सर्व्हिस कंट्रोलचे सगळे प्रोग्राम एकदम उठतात आणि डेटाबेसवर तुटून पडतात. थोडं थांबून, वेगवेगळ्या वेळी प्रयत्न करण्याची सोय त्यांच्यात नाही.

1.18. आयोवा वगळता सर्व विभाग सावरतात.

2.19. आयोवाही. एकूण तीन तास.

सर्व्हिस कंट्रोलमधले सगळे बदल आणि हाताने पॉलिसी पाठवणं गूगल थांबवतं.