निळ्या बाळांची वाट

शाळेत हृदयाची आकृती आपण सगळ्यांनीच काढली आहे. महारोहिणी लाल, महाशिरा निळ्या. घोटाळा व्हायचा तो फुप्फुस धमनीशी. धमनी असूनही ती निळी रंगवायची, कारण ती अशुद्ध रक्त हृदयाकडून फुप्फुसांकडे नेते.

काही मुलांत जन्मतःच ही वाट अरुंद असते आणि हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असतं. मग अशुद्ध रक्त फुप्फुसांत न जाता महारोहिणीत शिरतं. ओठ, नखं निळी पडतात. चार पावलं टाकली की धाप लागते. फ्रान्समधल्या मार्सेयचे डॉ. फालो यांनी १८८८ मध्ये या दोषाचं नेमकं वर्णन केलं. इलाज मात्र नव्हता.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. हेलन टॉसिग अशी मुलं तपासत. गर्भात महारोहिणी आणि फुप्फुस धमनी यांना जोडणारी एक छोटी वाहिनी असते. जन्मानंतर ती मिटते. या मुलांत ती उघडी असेतो मूल तग धरतं, मिटली की खालावतं, हे त्यांनी हेरलं. मग तशीच वाट नव्याने का करू नये?

हा प्रश्न त्यांनी शल्यविशारद डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्यापुढे ठेवला. त्याचं उत्तर प्रयोगशाळेत हाताने घडवलं ते त्यांचे सहायक व्हिव्हियन थॉमस यांनी. सुताराचा हा कृष्णवर्णीय मुलगा डॉक्टर होण्यासाठी पैसे साठवत होता; मंदीत बँक बुडाली आणि शिक्षण राहून गेलं. हाताकडे जाणारी धमनी वळवून फुप्फुस धमनीला कशी शिवायची, हे त्यांनी कुत्र्यांवर शेकडो प्रयोग करून बसवलं.

२९ नोव्हेंबर १९४४. टेबलावर पंधरा महिन्यांची मुलगी. थॉमस स्टुलावर उभे राहून ब्लॅलॉक यांना मागून सूचना देत होते. मुलगी घरी गेली, पण काही महिन्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर दगावली. फेब्रुवारी १९४५ मध्ये मात्र सहा वर्षांच्या एका मुलाचे ओठ टेबलावरच गुलाबी झाले.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधावर नावं दोनच होती, ब्लॅलॉक आणि टॉसिग. थॉमस यांना जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये. आज या शस्त्रक्रियेला तिघांचीही नावं लावली जातात. मुलांना ती निळी धमनी रंगवायला शिकवताना हे तिसरं नावही आपण सांगायला हवं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)