कव्हर घातलेल्या कादंबऱ्या

प्रेमाच्या कादंबऱ्या वाचण्याचे एक वय असते असे म्हणतात. ते वय माझ्या हातून निसटून आता पन्नासाहून अधिक वर्षे झाली. तरीही यंदाचा सारा पावसाळा मी प्रेमाच्या कादंबऱ्या वाचण्यात घालवला, हे कबूल करायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

निमित्त घडले ते घराच्या रंगकामाचे. रंगारी आले म्हणून माझ्या आत्याचे जुने लाकडी कपाट भिंतीपासून हलवावे लागले. हलवायचे म्हणून ते रिकामे केले, आणि अगदी खालच्या खणातून वर्तमानपत्राची कव्हरे घातलेली पुस्तके निघाली. प्रत्येकाच्या पाठीवर आत्याच्या वळणदार अक्षरांत नाव होते : ‘शिशुसंगोपन’, ‘प्राकृतिक भूगोल’, ‘गृहव्यवस्था’. आत्या शाळामास्तरीण होती, तेव्हा भूगोल समजण्यासारखा होता. पण तिला मूलबाळ नव्हते, म्हणून ‘शिशुसंगोपन’ पाहून मी जरा चमकले. उघडून पाहते तो आत ना. सी. फडक्यांची ‘दौलत’! ‘प्राकृतिक भूगोला’त वि. स. खांडेकरांचे ‘दोन ध्रुव’ होते. तेवढे कव्हर मात्र अगदीच खोटे होते असे म्हणवत नाही. आणि ‘गृहव्यवस्थे’च्या पोटात दडली होती विभावरी शिरूरकरांची ‘हिंदोळ्यावर’.

ही कव्हरे कोणासाठी होती, ते मला ठाऊक होते. माझे आजोबा. नाटक-कादंबऱ्यांनी मुली बिघडतात, या मतावर ते अखेरपर्यंत ठाम होते. मला हसू आले, आणि मग वाटले, बघू या तरी, या पुस्तकांत बिघडवण्याजोगे होते तरी काय!

मागचे कळल्याशिवाय पुढचे कळत नाही, म्हणून मी वाचनाला आरंभ केला तो थेट मुळापासून. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची. तिचा विषय प्रेम नव्हे. हिंदू विधवांचे दुःख. पाठोपाठ १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली. तिने संकटे, कारस्थाने आणि अद्भुत योगायोग यांचा असा काही पाऊस पाडला, की पुढची कित्येक वर्षे मराठी कादंबरी त्यातच न्हात राहिली. त्या काळी घरोघरी मुलींची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी होत. मग लग्नाआधी प्रेमात पडायचे कोणी आणि कधी? प्रेम हवे तर ते जंगलात, राजवाड्यात किंवा स्वप्नातच शोधायला हवे होते.

हरिभाऊ आपट्यांनी ते घरात आणले. १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ पत्रातून त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः प्रसिद्ध झाली. यमूच्या दुःखाची कहाणी म्हणून ती आपल्याला माहीत असते, आणि तिचे केशवपन वाचताना अजूनही छाती दडपते. परंतु या खेपेला माझे मन गुंतले ते मुंबईच्या बिऱ्हाडातल्या थोड्याशा सुखाच्या दिवसांत. नवरा बायकोला शिकवतो, तिच्याशी बोलतो, तिचे म्हणणे ऐकून घेतो. एवढेच! पण लग्न झालेल्या दोन माणसांना एकमेकांशी गप्पा माराव्याशा वाटतात, हीच त्या काळची प्रेमकथा होती. माझ्या मते मराठीतली पहिली खरी प्रेमकथा तीच.

वामन मल्हार जोशींच्या ‘रागिणी’त (१९१५) गप्पा आणखी वाढल्या. इतक्या, की पुस्तकाचे दुसरे नावच ‘काव्यशास्त्रविनोद’ असे आहे. त्यातल्या स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने वाद घालतात. खरे सांगते, मधली काही पाने मी भरभर उलटली. पण बायकांनी तत्त्वज्ञानावर बोलावे आणि पुरुषांनी ते मन लावून ऐकावे, हे दृश्य नुसते कल्पनेत पाहणेसुद्धा त्या वाचकांना केवढे नवे वाटले असेल!

मग आले फडके. ‘जादूगार’ १९२८ ची आणि ‘दौलत’ १९२९ ची. त्यांच्या कादंबऱ्यांत मोटारी आहेत, टेनिस आहे, योगायोगाच्या भेटी आहेत, पोटापाण्याची चिंता फारशी नाही. या गोष्टींवरून टीकाकारांनी त्यांना पुष्कळ झोडपले. पलीकडून खांडेकर जीवनासाठी कला म्हणत होते आणि फडके कलेसाठी कला म्हणत होते. हा वाद आमच्या लहानपणापर्यंत धुमसत होता. शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी करता करता लिहिणाऱ्या खांडेकरांच्या माणसांना प्रेमापुढे ध्येय दिसते. फडक्यांच्या माणसांना प्रेमापलीकडे फारसे काही दिसत नाही. आज वाचताना मला दोघांच्याही भाषेचा थोडा शीण आला. एकाची फार गुळगुळीत, दुसऱ्याची उपमांनी ओथंबलेली. पण एक गोष्ट लक्षात आली. दोघांच्याही कादंबऱ्यांत तरुण मुलगी स्वतःशी विचार करते, की मला कोण आवडतो? घरोघरीच्या मुलींना हा प्रश्न तोवर कोणी विचारलाच नव्हता.

माझ्या आत्यालाही नाहीच. तिचे लग्न झाले १९३० च्या आरंभी, तिच्या तेराव्या वर्षी. शारदा कायदा १९२९ मध्ये संमत झाला होता. मुलीचे वय किमान चौदा असावे हा नियम १ एप्रिल १९३० पासून अमलात यायचा होता, आणि त्याआधी लग्ने उरकून घेण्याची देशभर एकच घाई उडाली होती. त्या घाईत आत्याचेही लग्न उरकले. पाच वर्षांनी ती दिवाळसणाला माहेरी आली, आणि मग तिला न्यायला कोणी आलेच नाही. आज येतील, उद्या येतील, असे करता करता तुळशीचे लग्न झाले, संक्रांत झाली. पुढे कळले, की तिकडे दुसरे लग्न झाले. त्यात बेकायदा काहीच नव्हते. पुरुषाला दुसरी बायको करता येत होती. पहिलीला मात्र त्या लग्नातून सुटता येत नव्हते. शेजारच्या बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ मध्ये घटस्फोटाचा कायदा झाला होता. पण आमचे घर पडले इंग्रजी अमलात.

आजोबांनी कादंबऱ्यांना बंदी केली खरी, पण मुलीला हिंगण्याला कर्व्यांच्या संस्थेत शिकायला घातले, हे त्यांचे उपकारच म्हणायचे. तिथेच कधीतरी ‘हिंदोळ्यावर’ तिच्या हाती लागली असावी. ‘विभावरी शिरूरकर’ हे टोपणनाव. आदल्याच वर्षी, १९३३ मध्ये, त्यांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहाने मोठे वादळ उठवले होते, आणि हे लिहिणारी बाई कोण, की बाईच्या नावामागे पुरुष, याची चर्चा चालली होती. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, आणि त्या स्वतः हिंगण्यालाच शिकलेल्या. ‘हिंदोळ्यावर’ ही नवऱ्याने टाकलेल्या अचलेची कथा. ती दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते आणि लग्नाच्या चौकटीबाहेर त्याच्यासह संसार मांडू पाहते. कारण चौकटीच्या आत तिला जागाच नाही. मी हे पुस्तक तरुणपणी वाचले होते, तेव्हा ते मला धीट वाटले होते. आता वाचले तेव्हा ते एकाकी वाटले.

वाचून संपले आणि शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले चार आकडे दिसले : १९३६, १९४७, १९५५, १९७४. दुसरे काही नाही. आत्याची ही सवय मला माहीत होती. पुस्तक वाचून झाले, की ती त्यावर साल टाकी. म्हणजे हे एक पुस्तक तिने चार वेळा वाचले होते. पण नेमके याच साली का?

उत्तर कादंबरीत नव्हते, कायद्यांच्या इतिहासात होते. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्येला बंदी झाली १९४६ मध्ये, आणि घटस्फोटाचा कायदा झाला १९४७ मध्ये. टाकून देणे हे कारण पुढे करून स्त्रीला सुटका मागता येऊ लागली. १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा लागू झाला. दर वेळी दार किलकिले झाले, तेव्हा आत्याने ‘गृहव्यवस्था’ काढून वाचली होती. ती दाराबाहेर मात्र पडली नाही. पंचावन साली माझ्या वडिलांनी तिला विचारल्याचे आई सांगे. तेव्हा आत्या म्हणाली होती, “दादा, कागदावर सुटले काय नि न सुटले काय! मी अडकून थोडीच बसले आहे?” मंगळसूत्र तिने शेवटपर्यंत काढले नाही. शाळेत त्याचा उपयोग होतो, म्हणायची.

खणात आणखी एक पुस्तक होते, बिनकव्हराचे : विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’. बेडेकर आणि बाळूताई यांचे लग्न १९३८ मध्ये झाले आणि ‘रणांगण’ १९३९ मध्ये आली. एका घरात दोन अशा कादंबऱ्या जन्माव्यात, हे आपल्या भाषेचे भाग्य. युरोपातून परतणाऱ्या बोटीवर चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हेर्टा यांची गाठ पडते. मुंबई येते, तो उतरतो, ती पुढे जाते, आणि समुद्रात स्वतःला लोटून देते. यंदा वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत मला सर्वांत ताजे वाटले ते हेच. यात आड येतात ते सासू, जात, कायदा नव्हेत. सारे जगच आड येते, आणि नायकाचे स्वतःचे कच्चे मनसुद्धा.

आमची पिढी वाचू लागली तेव्हा कव्हरे घालण्याची पाळी आमच्यावर आली. चंद्रकांत काकोडकरांची पुस्तके मैत्रिणींत हातोहात फिरत. त्यांची एक कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला, आणि १९६९ मध्ये काकोडकर निर्दोष सुटले. असे काही वाचले म्हणून तरुण मुले बिघडतातच असे खात्रीने म्हणता येत नाही, अशा आशयाचे मत न्यायमूर्तींनी दिले. आजोबा तेव्हा हयात असते, तर न्यायालयही बिघडले म्हणाले असते!

पुढे गौरी देशपांड्यांची ‘एकेक पान गळावया’ (१९८०) आणि ‘तेरुओ’ (१९८५) वाचली. परस्पर संमतीने वेगळे होण्याची सोय १९७६ पासून कायद्यात आली होती. गौरीबाईंच्या नायिकांपुढे दार सताड उघडे आहे. त्यांचा प्रश्न जावे कुठे, हा आहे. तोही काही सोपा नाही. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ १९८२ ची. तिच्यावर २०१३ मध्ये चित्रपट निघाला तेव्हा माझ्या नातीने ती एका रात्रीत वाचून काढली, दिवाणखान्यात, सगळ्यांच्या देखत, बिनकव्हराची.

आता तो चौथा आकडा, १९७४. त्या साली कुठला कायदा झाला ते मी बराच वेळ आठवत बसले. मग लक्षात आले, की कायदा नव्हेच. त्या वर्षी मी माझ्या पसंतीचे, परजातीतले लग्न ठरवले होते. घरात आठ दिवस कोणी धड जेवले नाही. नवव्या दिवशी आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली, पदराला हात पुसले आणि वडिलांना म्हणाली, “दादा, पोरीला विचारले कोणी नाही, तिचे तिने ठरवले. आपण आता तारीख ठरवू या.” त्या आठ रात्रींत ती काय वाचत होती, ते मला यंदा कळले.

रंगकाम आटोपले. कपाट पुन्हा भिंतीला लागले. पुस्तके मी वरच्या खणात, काचेआड मांडली आहेत. कव्हरे मात्र काढलेली नाहीत. दिवाळीच्या फराळाला घरची सगळी जमतील, तेव्हा नातीच्या हातात ‘गृहव्यवस्था’ देणार आहे. वाचकहो, तुमच्याही घरी एखादे जुने कपाट असेल. त्याचा खालचा खण या दिवाळीत उघडून पाहा. आणि ज्या बाईने तो लावला ती जर अजून तुमच्यात असेल, तर आधी तिलाच विचारा.