महाबळेश्वरचे हिमकण : पडत नाहीत, गोठतात

डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी पडली, की महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी ‘बर्फ पडल्या’च्या बातम्या येऊ लागतात. तलावाची जेटी, मोटारींचे टप, गवत आणि स्ट्रॉबेरीची पाने पहाटे पांढरीशुभ्र दिसतात. पर्यटक तो पापुद्रा ओंजळीत गोळा करतात. मात्र हा हिमवर्षाव नव्हे. हे हिमकण आकाशातून पडत नाहीत. दव जागच्या जागी गोठून ते तयार होतात.

साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ मध्ये बांधलेला हा तलाव सखल भागात आहे. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री जमिनीतील उष्णता झपाट्याने निघून जाते. उतारांवरील थंड हवा जड असल्याने खाली सरकते आणि या खोलगट भागात साचते. त्यामुळे बाजारपेठेत नेहमीचा गारठा असताना वेण्णा आणि लिंगमळा परिसरात दव गोठते. अशा पहाटेही वेधशाळेचा पारा शून्याच्या बराच वर असतो, याचे अनेकांना नवल वाटते. परंतु वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, पेटीत ठेवलेला असतो. गवताच्या पात्यालगतचे तापमान त्याहून कित्येक अंशांनी कमी असू शकते.

सरोवरामुळे खरोखर बर्फ पडतो तो अमेरिकेतील बफेलो शहरात. हिवाळ्याच्या तोंडावर सुमारे ३८८ किलोमीटर लांबीच्या ईरी सरोवराचे पाणी अजून उबदार असते. त्यावरून अतिथंड वारा लांबीच्या दिशेने वाहिला, की तो बाष्प उचलतो आणि पैलतीरावर अरुंद पट्ट्यात हिम ओततो. पाणी आणि दीड किलोमीटर उंचीवरील हवा यांच्या तापमानात किमान १३ अंशांचा फरक त्यासाठी लागतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडील उपनगरांत पाच फुटांहून अधिक बर्फ साचला. उत्तरेकडे काही इंचच! वेण्णा त्या मानाने डबकेच, आणि वरची हवाही तेवढी थंड नसते. गोंदिया-भंडाऱ्यातील मोठ्या तलावांवर बर्फ पडत नाही, तोही याच कारणांनी.

पर्यटकांची मौज स्ट्रॉबेरी उत्पादकांना मात्र महागात पडते. महाबळेश्वरच्या या फळाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उमललेले फूल उणे एक अंशाच्या आसपासच दगावते; त्याचा मध्यभाग काळा पडतो आणि त्या फुलाला फळ धरत नाही. रात्री वाफ्यांवर आच्छादन घातल्यास जमिनीची ऊब टिकते. अर्थात, ते अंधार पडण्यापूर्वीच घालावे लागते.