गांजाचे रोप आणि कायदा

परसात किंवा कुंडीत गांजाचे एखादे रोप लावले तर काय बिघडते, असे अनेकांस वाटते. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यास मात्र कुंडी आणि शेत हा भेद मान्य नाही. नुसते बी गांजाच्या व्याख्येत येत नाही. परंतु विनापरवाना लागवड हाच गुन्हा असून कलम २० अन्वये १० वर्षांपर्यंत सश्रम कारावास व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तंतू व बियांसाठी विशेष परवानगीची वाट कलम १४ ने मोकळी ठेवली आहे. उत्तराखंडाने २०१८ मध्ये तसा परवाना दिला.

खानदेशच्या परिसराला हे पीक अनोळखी नाही. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज आयोगाच्या काळी शेजारच्या निमाडात, खांडव्याकडे, सरकारी परवान्याने गांजा पिके. नरझाडे उपटून टाकीत, कारण बी धरले की मालाचा कस उतरतो. अलीकडे शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, कापूस-तुरीआड केलेली लागवड पोलिसांनी वारंवार उपटून काढली आहे.

यात अडकतो तो बहुधा जमीनधारक. शेत बटाईने दिले असले, तरी लागवड ठाऊक असून कळविली नाही, तर कलम ४६ नुसार तोही शिक्षेस पात्र ठरतो. सरपंच व ग्राम अधिकाऱ्यांवरही कलम ४७ हेच बंधन घालते.